मदत हवी आहे: आई-नानांना घेऊन अमळनेरहून कोलकात्याला

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातून लिहितोय. कापूस घरात आला की जानेवारीत आई-नानांना कोलकाता दाखवायचं ठरवलंय. नाना ७४ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई ६८. नानांचे दोन्ही गुडघे झिजलेत. सपाटीवर चालतात, पण जिना आला की कठडा धरून दोन्ही पाय एका पायरीवर टेकवतात, मग पुढची पायरी.

कोलकाताच का, असं भावकीत सगळ्यांनी विचारलं. साने गुरुजी ज्या प्रताप हायस्कूलात शिकवायचे, त्याच शाळेत नाना शिकले. वेगवेगळ्या प्रांतांना आणि भाषांना जोडणाऱ्या आंतरभारतीची कल्पना गुरुजींना रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातल्या विश्वभारतीवरून सुचली, हे आम्ही लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आलोय. नोकरीत असताना दर ७ ऑगस्टला, रवींद्रनाथांच्या पुण्यतिथीला, ते वर्गात त्यांची एक कविता वाचायचे. ज्या घरात रवींद्रनाथ जन्मले आणि १९४१ साली गेले, ते घर नानांना बघायचंय. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांनी यादी केलीय. वर जोरासांको, म्हणजे हेच घर, खाली दोन रेघा. मग रामकृष्ण मिशनचा बेलूर मठ, कॉलेज स्ट्रीट, आणि शेवटी कंसात ‘जमल्यास शांतिनिकेतन’. आईचं एकच मागणं, कालीमातेचं दर्शन.

गुडघ्याचं ऑपरेशन करून मग जाऊ, असं मी म्हटलं, तर नाना म्हणाले, “आते नही ते कव्हय?” आता नाही तर कधी? त्यापुढे मला बोलता आलं नाही.

सहल कंपनी नको. मागे एकीबरोबर काशीला गेलो होतो, तिथे घाटावर दहा मिनिटं टेकायलाही वेळ मिळाला नाही आणि नाना अर्ध्या वाटेतून बसमध्ये परतले. यंदा त्यांच्या चालीनेच फिरायचंय.

तर गाडी कोणती धरावी? हावड्याला उतरल्यावर पुढे कसं जायचं, राहायचं कुठल्या भागात? मेट्रोत जिने किती? आम्ही माळकरी, खाण्याचं कसं? पाच दिवस हातात आहेत. शांतिनिकेतन त्यात बसवू का?

सातपुडा_पायथा:

भाऊ, मी नोकरीनिमित्त हावड्यात सात वर्षं काढली, मूळचा यावलचा. जरा सविस्तर लिहितो.

गाडी भुसावळहून गीतांजली धरा. नागपूर, बिलासपूर, टाटानगरमार्गे साधारण २४ तासांत पोचवते. अहमदाबाद-हावडा आपल्या सुरत-भुसावळ लायनीवरूनच जाते, तीही बघा. एक जपा: मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या दोन मेल आहेत. एक नागपूरमार्गे, दुसरी प्रयागराज-गयामार्गे. दुसरीला बरेच तास जास्त लागतात. घाईत नंबर चुकला तर नानांना विनाकारण जास्तीचा प्रवास.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आई-नानांचं तिकीट तुमच्यापासून वेगळं काढा. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर लागतो. तिघांचं एकत्र काढलंत तर तो मिळत नाही, आणि मग नाना मधल्या बर्थवर चढणार कसे?

हावड्यात उतरलात की टॅक्सीवाले गराडा घालतील. घाबरू नका. आता स्टेशनातूनच मेट्रो मिळते, २०२४ च्या मार्चपासून ती हुगळीच्या पात्राखालून जाते. खूप खोल आहे, पण सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. एस्प्लनेडला गाडी बदलली की उत्तर-दक्षिण मार्ग मिळतो. देशातली पहिली मेट्रो ती हीच, १९८४ ची. आईला कालीघाट, नानांना जोरासांकोसाठी गिरीश पार्क, आणि वर टोकाला दक्षिणेश्वरचं कालीमंदिर, सगळं या एका रेषेवर. म्हणून राहायला याच मार्गावर, स्टेशनापासून चालत पाच मिनिटांत असेल अशी जागा बघा. हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, तिथेही चौकशी करा.

सोमवार मात्र मोकळा ठेवा. रवींद्रनाथांचं घर, व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम, तिन्ही त्या दिवशी बंद. मी स्वतः पाहुण्यांना सोमवारी नेऊन फाटकावरून परत आणलंय. एवढ्या लांब येऊन नानांच्या वाट्याला ते येऊ नये.

तापीकाठ:

खाण्याचं मी सांगते. हॉटेलात शिरताच “निरामिष”, म्हणजे शाकाहारी, हा शब्द वापरा, आणि कांदा-लसूणही नको असेल तर तेही आधीच स्पष्ट सांगा. बडाबाजारात मारवाडी भोजनालयं आहेत, तिथे पोळी-भाजी निर्धास्त जेवा. सकाळी लुची (मैद्याची पुरी) आणि आलूर दम (बटाट्याची भाजी), किंवा राधाबल्लभी (डाळीचं सारण भरलेली पुरी). सरसूच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी आईंना जड जाईल. दोन दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच घ्या. आणि जानेवारीत जाताय तर खजुराच्या नव्या गुळाचा संदेश, ही तिथली मिठाई, खाल्ल्याशिवाय येऊ नका. हिवाळ्यातच मिळतो.

दक्षिणेश्वरला मेट्रोतून उतरलं की मंदिरापर्यंत आकाशमार्ग (स्कायवॉक) आहे, नाना जाऊ शकतील. पण दक्षिणेश्वर आणि बेलूर दोन्हीकडे दुपारी दारं बंद असतात, त्यामुळे सकाळी दक्षिणेश्वर, मग सावकाश जेवण, आणि चारच्या पुढे बेलूर. दोन्हींमधला बोटीचा प्रवास फार सुंदर आहे, पण बोटीत चढताना पाय उचलावा लागतो, हलत्या फळीवर. माझ्या सासूबाईंना दोघांनी धरून चढवलं. गुडघे तसे असतील तर सरळ गाडी करा, बाली पुलावरून जाते.

सातपुडा_पायथा:

शांतिनिकेतन राहिलं होतं. पाच दिवसांत एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. हावड्याहून बोलपूर, म्हणजे शांतिनिकेतनचं स्टेशन, अडीच-तीन तास, आल्या-गेल्याचा शीण वेगळा. नेणारच असाल तर तिथे एक मुक्काम करा, आणि बुधवार टाळा, विश्वभारतीची साप्ताहिक सुटी असते. माझं मत विचाराल तर या खेपेला सोडा. त्याऐवजी कॉलेज स्ट्रीटला अख्खी सकाळ द्या. फुटपाथवर पुस्तकांच्या टपऱ्या एकाला एक लागून. नाना शिक्षक आहेत, तिथून लवकर हलणार नाहीत. जानेवारीच्या अखेरीस गेलात तर सॉल्ट लेकमधल्या करुणामयीला पुस्तक मेळाही मिळू शकतो, तारखा बघून तिकीट काढा.

मूळ धागाकर्ता:

सातपुडा दादा, तापीकाठ ताई, तुमचे उपकार कसे मानू? दोघांचे प्रतिसाद काल रात्री ओट्यावर नानांना मोठ्याने वाचून दाखवले. सोमवारचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा मागितला, आणि यादीच्या पानावर सोमवारपुढे स्वतःच ‘मुक्कामी आराम’ लिहिलं. शांतिनिकेतन त्यांनीच खोडलं. मला वाईट वाटलं, पण ते म्हणाले, घर बघितलं की झालं.

गीतांजलीच ठरली, दोन वेगळी तिकिटं काढतो. पुस्तक मेळ्याचं आईलाही आवडलंय, तिला तिथे नातवासाठी चित्रांची पुस्तकं घ्यायचीत.

आता एकच अडलंय. जोरासांकोचं घर जुनं, रवींद्रनाथांच्या खोल्या वरच्या मजल्यावर. नुकतंच कुणी तिथे जाऊन आलं असेल तर सांगा, जिना केवढा उंच आहे, कठडा धरता येतो का, मध्ये बसायला जागा मिळते का? घडीचा स्टूल बरोबर नेला तर आत नेऊ देतात का? नाना म्हणतात, किती का पायऱ्या असेनात, चढेन. त्यांना तासभर लागला तरी चालेल, मी मागे उभा राहीन. पायऱ्यांचा अंदाज मिळाला तर त्या दिवशी दुसरं काही ठेवणार नाही.