पाचव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम: एसएसडी टाकावी की लॅपटॉपच बदलावा?

माळरान:
लॅपटॉप २०१५चा आहे. आय३-५००५यू, ४ जीबी रॅमची एकच पट्टी (दुसरा स्लॉट रिकामा), १ टीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, विंडोज १०. एम.२चा (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचा) स्लॉट नाही. त्यावर दुकानाची टॅली, श्रीलिपीतली पत्रं, ब्राउझर आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढंच चालतं. चालू केल्यावर डेस्कटॉप दिसायला दोन मिनिटं लागतात आणि पुढची पाच-सात मिनिटं टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर असते. प्रोसेसर त्या वेळी २०-२५ टक्क्यांच्या वर जात नाही. डिस्कवर ३१० जीबी भरलंय, त्यातले २०० जीबी फोटो आणि व्हिडिओ.
हार्ड डिस्कच्या जागी स्वस्तातली साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह) टाकून फरक पडेल का? की आधी रॅम वाढवावी? क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करावं की विंडोज नव्याने टाकावं?

पेचकस:
फरक पडेल, आणि मोठा पडेल. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर २५ टक्के, म्हणजे प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसलाय. ५४०० आरपीएमच्या तबकडीला एक फेरी मारायला ११ मिलिसेकंद लागतात. हेड जागेवर सरकायचा वेळ त्यात मिळवला, की विखुरलेली छोटी वाचनं सेकंदाला ५०-६०च होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं तर वेग सेकंदाला २००-२४० केबी. विंडोज सुरू होताना नेमकी अशीच हजारो छोटी वाचनं होतात. साध्यातली साधी एसएसडी तीच सेकंदाला काही हजार करते.

म्हणून खोक्यावरच्या 'सेकंदाला ५५० एमबी' या आकड्याकडे बघून निवड करू नका. साटा ३ची मर्यादाच तेवढी असल्याने तो आकडा सगळ्यांवर जवळपास सारखाच असतो. तुम्हाला फायदा छोट्या वाचनांचा होणार आहे.

पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी एसएसडी. रॅम कमी पडली की विंडोज पेजफाइल (रॅमऐवजी वापरायची ड्राइव्हवरची फाइल) वापरतं, आणि ती हार्ड डिस्कवर असली की सगळंच गोठतं. एसएसडीवर तोच प्रकार निभावून जातो. पण ४ जीबीत ब्राउझर आणि टॅली एकत्र चालवणं ओढाताणीचंच, तेव्हा जमेल तेव्हा ४ जीबीची आणखी एक पट्टी टाका. घेताना १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच घ्या, लेबलवर 'पीसी३एल-१२८००' असतं. त्यातला 'एल' नसलेली १.५ व्होल्टची पट्टी स्लॉटमध्ये बसते, पण हा प्रोसेसर ती चालवत नाही. स्क्रीन काळीच राहते आणि दोष एसएसडीवर जातो.

अक्षरवेल:
पेचकस यांच्याशी सहमत, पण खर्चाला मर्यादा घाला. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या यादीत इंटेलची पाचवी पिढी नाही. ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. शिवाय नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एम.२ असतं, २.५ इंची ड्राइव्हला आत जागाच नसते. तुमची एसएसडी पुढे यूएसबी केसमध्येच कामाला येईल. म्हणून एसएसडी आणि रॅम मिळून खर्च अशाच वापरलेल्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर थांबा.

आता विंडोजचं. क्लोन करू नका. १ टीबीवरून ४८० जीबीवर जायचं तर आधी सी ड्राइव्ह आकुंचित करावी लागते. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल किंवा रिस्टोअर पॉइंट मध्ये आडवे येतात आणि विंडोज एका मर्यादेखाली आकुंचनच करू देत नाही. वर डिस्कच्या शेवटी रिकव्हरी पार्टिशन असलं, तर क्लोनझिला हे क्लोनिंगचं सॉफ्टवेअर लहान ड्राइव्ह सरळ नाकारतं. नव्याने टाकणं हेच कमी कटकटीचं.

पण डिस्क काढण्यापूर्वी ही कामं याच क्रमाने करा, तुमच्या बाबतीत खरी अडचण इथे आहे:
१. टॅलीच्या डेटा फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते पाहा.
२. टॅलीचं लायसन्स 'सरेंडर' करा, म्हणजे या संगणकावरून सोडवा. ते संगणकाशी बांधलेलं असतं. सरेंडर न करता नवं विंडोज टाकलं, तर पुन्हा सुरू करताना अडकाल.
३. श्रीलिपीचं इन्स्टॉलर आणि लायसन्स हाताशी ठेवा. जुनी पत्रं त्याच फाँटमध्ये आहेत. फाँट नसले तर सगळा मजकूर अगम्य चिन्हांत दिसेल. विंडोजच्या फाँट्स फोल्डरची प्रतही घ्या.
४. डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर उतरवून ठेवा.
५. सेटिंग्जमध्ये विंडोजची आवृत्ती पाहा. आपल्याकडच्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा 'होम सिंगल लँग्वेज' असतं. नवं टाकतानाही तीच निवडा, म्हणजे नेट जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, कारण लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. चुकून 'प्रो' टाकलं तर ते प्रॉडक्ट की मागत बसेल.
विंडोजसाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो. त्यावर दुसरं काही ठेवू नका.

माळरान:
मनापासून आभार, सरेंडरचं माहीतच नव्हतं. आणखी दोन शंका. २४० घ्यावी की ४८०? डीरॅम (ड्राइव्हच्या आतली मदतीची मेमरी) नसलेली एसएसडी लवकर मरते असं ऐकलंय. आणि डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) टाकून जुनी डिस्क तिथे बसवावी का?

पेचकस:
विंडोज, टॅली, ऑफिस आणि तुमची कागदपत्रं मिळून १०० जीबीच्या आसपास. २४० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये २२३ दिसते, त्यातली १५-२० टक्के मोकळी ठेवायची. म्हणजे फोटो बाहेर ठेवलात तर २४० पुरते. फोटो आतच हवे असतील तर ४८०.

डीरॅम नसलेली लवकर मरते हे तुमच्या वापराला लागू नाही. क्रुशियल बीएक्स५०० आणि किंग्स्टन ए४०० या दोन्ही डीरॅमशिवायच्या. २४० जीबीच्या आवृत्तीला ८० टीबी लिखाणाची हमी आणि ३ वर्षांची वॉरंटी आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला ७.३ टीबी होतात, म्हणजे ८० टीबी संपायला जवळपास ११ वर्षं. हमीचा आकडा ओलांडला की ड्राइव्ह त्याच दिवशी मरते असंही नाही. या ड्राइव्ह मार खातात त्या एकदम ४०-५० जीबी ओतताना: आतला वेगवान भाग भरला की लिखाणाचा वेग हार्ड डिस्कइतका किंवा त्याहूनही खाली येतो. सॅमसंग ८७० इव्होत डीरॅम आहे, २५० जीबीला १५० टीबी आणि ५ वर्षं. किमतीतला फरक थोडा असेल तर जरूर घ्या, फार असेल तर तेच पैसे रॅमला लावा.

'२ टीबी' लिहिलेल्या, नावगाव नसलेल्या आणि अविश्वसनीय स्वस्त ड्राइव्हच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या कित्येकांत आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि आकार खोटा दाखवला जातो. भरत गेलं की आधीच्या फाइली खराब होतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या नाहीतर ऑनलाइन, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

शेवटचा_स्क्रू:
कॅडीबद्दल. डीव्हीडी ड्राइव्ह ९.५ किंवा १२.७ मिमी जाडीची असते, तुमची मोजल्याशिवाय कॅडी मागवू नका. पण माझं मत कॅडीच्या विरुद्ध आहे. २०० जीबी फोटोंची एकुलती प्रत दहा वर्षं जुन्या डिस्कवर, तीही रोज फिरणाऱ्या लॅपटॉपच्या आत, हे धोक्याचं आहे. ती डिस्क यूएसबी ३च्या केसमध्ये घाला, बाहेर ठेवा आणि फोटोंची दुसरी प्रत आणखी कुठेतरी असू द्या.

त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. ०५, सी५ आणि सी६ या डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळी बघा. तिथले आकडे सुरुवातीला हेक्सामध्ये दिसतात, मेनूतून दशमान करून घ्या. सी५ शून्य नसेल तर फोटो आजच बाहेर काढा, एसएसडी पुढच्या आठवड्यात आली तरी चालेल.

बसवताना: चार्जर काढा, बॅटरी काढा (आत असेल तर तिचं कनेक्टर सोडवा) आणि पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा. तळाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागेत गेला तर वरच्या पॅनलला फुगवटा येतो. रबरी पायांखाली आणि डीव्हीडीच्या खाचेत लपलेले स्क्रूही असतात. झाकण अडलं की जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो. कडा सोडवायला जुनं एटीएम कार्ड वापरा, चाकू नको.

डिस्क धातूच्या चौकटीत चार स्क्रूंनी धरलेली असते. चौकट एसएसडीवर चढवा. चौकट नसेल आणि जागा ९.५ मिमीची असेल, तर ७ मिमीची एसएसडी आत हलते; अडीच मिमीचा स्पेसर चिकटवा. डिस्क पातळ पट्टी-केबलने जोडलेली असेल तर बोर्डावरची खिट्टी आधी नखाने उचला. ती मोडली की केबल सैल बसते, मग त्याच सॉफ्टवेअरमधला सी७चा (केबलवरच्या चुकांचा) आकडा वाढत जातो आणि ड्राइव्ह मध्येच गायब होते. असं झालं तर एसएसडी बदलायला धावू नका, आधी केबल काढून नीट बसवा.

बायोसमध्ये साटा मोड 'एएचसीआय' आणि बूट 'यूईएफआय' ठेवा. इन्स्टॉल करताना रिकामी जागा निवडून पुढे जा, पार्टिशन विंडोज स्वतः करतं. नंतर 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मध्ये सी ड्राइव्हसमोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' दिसतंय ना ते तपासा. जुनी डिस्क निदान महिनाभर फॉरमॅट करू नका. डेस्कटॉपवरची एखादी राहिलेली फाइल तेवढ्यात हमखास आठवते.