हौद्यात वाळू भरून ड्रॅग मारता येत नाही हो!

पाटेवाला (ह्यूस्टन)

मागच्या आठवड्यात रिकामा_हौदा यांनी इथे पिकअपने ड्रॅग मारणाऱ्यांना (जागेवरून सुटून सरळ पाव मैल शर्यत) सल्ला दिला: "पिकअपचं मागचं रिकामं असतं म्हणून चाकं जागच्या जागी फिरतात. सस्पेन्शनवर पैसे उडवू नका. हौद्यात 150 किलो वाळू टाका, मागून गाडी दोन इंच खाली घ्या, टायर चांगले घाला. सुटताना मागचं बसलं की समजा ग्रिप आली." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

वाळूचं नंतर. आधी पाटे, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंग. इंजिन चाकाला पुढे फिरवतं तेव्हा मागच्या ॲक्सलच्या हौसिंगला तेवढाच उलटा पीळ बसतो. हौसिंगचं नाक, म्हणजे पिनियन, जिथे इंजिनाकडून येणारा शाफ्ट जोडलेला असतो, वर उठतं. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर वाकतो, मागचा खाली, आणि पाटा इंग्रजी 'एस'सारखा होतो. ताण मावेनासा झाला की टायर सुटतो, पाटा फटकन सरळ होतो, टायर परत पकडतो, परत 'एस'. आत बसलेल्याला वाटतं खालून कुणीतरी घण घालतंय. हे वाळूने थांबत नाही. उलट टायर जितका चांगला, तितका पीळ जास्त.

माझी 2002 ची लायटनिंग, फोर्डची वेगवान पिकअप. मीही आधी मागून खालीच घेतली होती. दुकानदाराने पाटा चेसिसला धरणारे हँगर-शॅकल बदलून दिले, पण पिनियनचा अँगल मोजलाच नाही, आणि मला तेव्हा विचारायची अक्कल नव्हती. ह्यूस्टनजवळचा बेटाउनचा ड्रॅग ट्रॅक तेव्हा अजून चालू होता. तिसऱ्या रनला शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक डांबरावर. मागे गाड्यांची रांग ताटकळलेली, मी हातात हेल्मेट घेऊन बाजूला उभा. गाडी टो करून घरी.

पुढे कॅलट्रॅक, म्हणजे पाट्यांचा पीळ रोखणारे बार, बसवले. बार हौसिंगखालून पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळच्या (टोकाच्या भोकाजवळच्या) त्रिकोणी ब्रॅकेटला जातो. हौसिंग फिरायला लागलं की बार पुढे ढकलतो, ब्रॅकेट वळतो आणि पाट्याच्या पुढच्या भागाला वरून दाबतो. म्हणजे जो पीळ पाटा वाकवत होता, त्यालाच टायर दाबायच्या कामाला लावायचं. पिनियनचं नाक शाफ्टच्या रेषेपेक्षा दोन-तीन अंश खाली ठेवलं, नुसत्या पाट्यांवर पाच-सहा लागतात. पुढे सहज उघडणारे आणि सावकाश बसणारे शॉक. तेच टायर, तेच इंजिन. पहिल्या साठ फुटांचा टाइम 2.15 सेकंदांवरून 1.88. एक किलोही वाळू नाही.

आणि "मागचं बसलं की ग्रिप" हे तर डोक्यातून काढाच. वजन किती मागे जाणार हे गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस आणि वेग किती झपाट्याने वाढतो यावर ठरतं. मागचं बसणं म्हणजे फक्त स्प्रिंग दबणं. नीट बसवलेल्या बारवर माझं मागचं सुटताना उलट इंचभर वर येतं आणि टायर जमिनीत दाबला जातो.

रिकामा_हौदा

आम्ही अडाणी, तुम्ही शास्त्रज्ञ. दंडवत घ्या.

मी शनिवारी-रविवारी मजेसाठी जातो. सोमवारी तीच गाडी घेऊन कामावर. पन्नास पौंडांची सात पोती घातली आणि चाकं फिरायची कमी झाली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुमचे बार आणि शॉक मिळून खिशाला किती भोक पडलं तेही लिहा की. वाळू मला तीस-चाळीस डॉलरला पडली.

उसाचा_ट्रेलर (कोल्हापूर)

पाटेवाला, पाट्यांचं शंभर टक्के खरं. आमच्या काकांच्या पिकअपला दर सीझनला मिस्त्री दोन पाटे चढवायचा. एकदा सेंटर बोल्ट तुटला, हौसिंग एका बाजूने मागे सरकलं आणि गाडी रस्त्याने खेकड्यासारखी तिरकी चालली. पाट्यांशी खेळायचं म्हणजे पाटा हौसिंगला आवळणारे यू-बोल्ट रोज बघायचे.

बाकी रिकाम्या पिकअपमध्ये पोती टाकून चालवणं आमच्याकडे पावसाळ्यात सगळेच करतात. त्यात हसण्यासारखं काय?

गणित_कच्चं (डेट्रॉइट)

दोघेही अर्धे बरोबर आहात, आणि दोघांनाही ते आवडणार नाही.

गाडी 2100 किलो, मागच्या चाकांवर 43 टक्के, गुरुत्वमध्य 70 सेंटिमीटरवर, व्हीलबेस 3.04 मीटर धरा. टायर-रस्ता घर्षण 0.9. मग गाडी जास्तीत जास्त 0.49 जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 0.49 पट वेगवाढीने, सुटेल. ॲक्सलवर नेमकी 150 किलो वाळू ठेवा, 0.53 जी. म्हणजे वाळूने पहिल्या साठ फुटांत फरक पडतो, पाटेवाला, नाही म्हणू नका. पण पुढे 402 मीटर तीच वाळू ओढायची आहे. ढोबळ हिशेब शंभर पौंडांना एक दशांश सेकंद जास्त, म्हणजे सुरुवातीला कमावलेलं शेवटी बहुतेक परत.

आणि मागून खाली घेतल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, वजन कमी मागे जातं. तो सल्ला मात्र साफ उलटा.

पाटेवाला

ताई, 0.9 टायर जमिनीला चिकटलेला असताना. उड्या मारणारा टायर अर्धा वेळ हवेत असतो, तेव्हा घर्षण शून्य. बाकी ठीक. साठ फुटांत वाळूचा फायदा होतो, मान्य. लिहून ठेवा, मी मान्य केलं.

पण सुटी पोती? टेकवाला, म्हणजे ट्रॅकवर गाडी तपासणारा, गेटवरूनच परत पाठवेल. एनएचआरएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग संघटनेच्या, नियमात सुटं बॅलास्ट (वाढीव वजन) चालतच नाही, वाळूची पोती नावानिशी नाकारलेली आहेत. वजन हवं तर बोल्टने आवळून न्या.

न्यूजर्सीचा_जावई

आमचा न्यूजर्सीतल्या इंग्लिशटाउनचा ट्रॅक 2018 मध्ये बंद, बेटाउनचा 2023 मध्ये बंद. टेक करायला ट्रॅक तरी राहिलाय का, ते सांगा आधी.

अवांतर: पिकअप घेतली की माणूस समाजसेवक होतो हा खरा विषय आहे. मी 2016 मध्ये घेतली. तेव्हापासून आमच्या मंडळातली सोळा घरं शिफ्ट केली. सोळा! गणपतीचं मखर, नाटकाचा सेट, कुणाचा तरी पियानो. परत येते तेव्हा टाकी रिकामी आणि हौद्यात ओरखडे. वर "तुला काय, तुझी गाडी आहेच."

हळदीकुंकू_लॉजिस्टिक्स

जावईबापू, सोळा तर सोळा. आमच्या ह्यांनी मागच्या मे महिन्यात एकाच शनिवारी तीन घरांचा मल्च (बागेत पसरायचा लाकडाचा चुरा) टाकला. संध्याकाळी आमच्याच बागेला उरला नाही. आणि ज्यांच्याकडे टाकला त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

रिकामा_हौदा

तेच तर म्हणतोय! बार आणि टाइट पाटे लावलेली गाडी घेऊन कुणाचा सोफा न्यायचा? पाटेवाल्यांच्या गाडीत मागे बसवलेला फ्रिज सांध्यासांध्यातून निखळेल. पिकअप म्हणजे कामाची गाडी. ज्याला ड्रॅगच मारायची त्याने मस्टँग घ्यावी.

पाटेवाला

1991 ची जीएमसी सायक्लोन ठाऊक आहे का? पिकअपच होती. 4.3 लिटरचं टर्बो व्ही-सिक्स, चारही चाकांना ताकद, मागे पाटेच. एका मासिकाने तिला फेरारी 348 शेजारी उभी केली होती. हौद्यात 500 पौंडच न्यायचे, असं कंपनीच सांगायची. तेव्हा "कामाची गाडी" वगैरे प्रवचन मला नको. माझी गाडी मी सोफ्यासाठी घेतलेली नाही, आणि तुमच्या सोफ्यासाठी तर नाहीच.

रिकामा_हौदा

माझ्या सोफ्यावर यायचं कारण नव्हतं. मागच्या दिवाळीत तो तुम्हीच आणून दिलात, आणि पाय तुटला तो कुणामुळे, ते आता सगळ्यांसमोर लिहू का?

पाटेवाला

पाय आधीपासून डुगडुगत होता.

गणित_कच्चं

चला, धागा मुद्द्यावर आणते. 1960 ते 72 च्या शेव्ही सी-10 पिकअपमध्ये मागे बहुतेक कॉइल स्प्रिंग आणि हौसिंग धरणारे लांब ट्रेलिंग आर्म. पाट्यांचा 'एस' हा प्रश्नच नाही. नॅसकारच्या कप शर्यतीतल्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन 2021 पर्यंत त्याच घराण्यातलं होतं. पाट्यांवर हजार डॉलर घालण्याआधी गाडी निवडतानाच हा विचार का करत नाही कुणी?

अजून एक, शाफ्टच्या पिळाने उजवं मागचं चाक हलकं होतं. क्रायसलरने साठच्या दशकात ड्रॅगसाठीच्या सुपर स्टॉक पाट्यांमध्ये उजव्या बाजूला जास्त ताकद म्हणूनच दिली. तेव्हा पोती ठेवायचीच असतील तर निदान उजवीकडे ठेवा.

उसाचा_ट्रेलर

उजवीकडे पोती ठेवून काका एकदा कॅनॉलमध्ये गेले होते. ती गोष्ट वेगळी.

रिकामा_हौदा

बरं. काल संध्याकाळी हौद्यातून फोन खाली धरून, पोती असतानाच, स्लो मोशनमध्ये शूट केलं. पाटा खरंच वाकतो. हौसिंगचं नाक दोन बोटं वर उठतं, मग थाडकन खाली. पाहून पोटात गोळा आला. बार बघतोय. पाटेवाल्यांचे उपकार मानतोय असं कुणी समजू नये.

सात पोती वाळू घरी पडून आहे. कुणाला हवी असेल तर येऊन घेऊन जा. पिकअप स्वतःची आणा.