एमआरआय ‘नॉर्मल’ आहे, तरी दोन वर्षांचा झाल्यावर पुन्हा कशासाठी?

साताऱ्याची_आई
नमस्कार. माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. सातव्या महिन्यात झोपेतून उठल्यावर तो एकदम पुढे वाकून दोन्ही हात क्षणभर पसरायचा, आणि हे ओळीने दहा-बारा वेळा व्हायचे. घरात सगळ्यांनी ते दचकणे समजले, सासूबाईंनी पोटाला हिंग लावून पाहिला, आणि त्यात तीन आठवडे गेले. शेवटी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाहताच बालमेंदूतज्ज्ञांनी ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद) करायला सांगितला, त्यात हिप्सॅरिदमिया, म्हणजे लहरींचा पूर्ण गोंधळ, निघाला आणि वेस्ट सिंड्रोम या बाळांमधल्या आकडीच्या आजाराचे निदान झाले. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइड औषधाने झटके थांबले आहेत. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मात्र कोणताही दोष नाही असे लिहिले आहे, आणि तरीही झटके परत आले तर बाळ दोन वर्षांचे झाल्यावर तो पुन्हा करावा लागेल, असे डॉक्टर म्हणतात. मेंदू चांगला असेल तर हा आजार आला कुठून, आणि बाळाला परत गुंगीचे औषध देऊन तीच तपासणी का करायची?

चुंबकवाला
मी रेडिओलॉजिस्ट आहे. सिंड्रोमचे नाव ठरते ते झटक्यांचे स्वरूप, वय आणि ईईजी यांवरून. एमआरआय त्यामागचे कारण शोधतो. डॉ. वेस्ट यांनी १८४१ मध्ये स्वतःच्या मुलाचे झटके ‘लॅन्सेट’ला कळवले तेव्हा यांतले एकही यंत्र नव्हते. आपल्याकडे या बाळांच्या एमआरआयमध्ये जन्मवेळी प्राणवायू कमी पडल्याच्या, किंवा जन्मानंतर साखर खाली गेल्यामुळे मेंदूच्या मागच्या भागात राहिलेल्या खुणा पुष्कळदा दिसतात. तुमच्या बाळाला त्या नाहीत, ही माहितीही उपयोगाची आहे.

आता वयाचा मुद्दा. बाळाच्या मेंदूतील तंतूंवर मायलिनचे आवरण हळूहळू चढते आणि साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या काळात करडा व पांढरा भाग चित्रात जवळजवळ एकाच छटेचे दिसतात. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझियासारखा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा एखादा भाग जन्मतःच नीट न घडण्याचा) दोष या दोन भागांच्या सीमेवरच असतो, त्यामुळे सीमाच पुसट असली की तो लपतो. गंमत अशी की काही बाळांत हा दोष सहा महिन्यांच्या आत स्पष्ट दिसतो आणि पुढे दिसेनासा होतो, म्हणून पहिल्या एमआरआयच्या चित्रांची सीडी कधीही टाकू नका; दुसरा डॉक्टर रिपोर्ट वाचणार नाही, चित्रे पाहील.

रात्रपाळी_बाबा
आमच्या मुलीच्या बाबतीत उलट घडले. तिच्या पाठीवर पानाच्या आकाराचे तीन फिकट डाग होते आणि कॅल्शियम कमी असेल म्हणून आम्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष केले होते. झटके सुरू झाल्यावर एमआरआयमध्ये मेंदूच्या पृष्ठभागावर गाठी आणि आतल्या पोकळ्यांच्या कडेला बारीक गोळे दिसले, म्हणजे ट्युबरस स्क्लेरोसिस, अवयवांत अशा गाठी होणारा जनुकीय आजार. या कारणात व्हिगाबॅट्रिन हे पहिल्या पसंतीचे औषध असल्यामुळे उपचार त्याच आठवड्यात बदलले. त्या औषधाने डोळ्यांच्या कडेची नजर कमी होऊ शकते, म्हणून आम्ही नेत्रतपासणी चुकवत नाही. ताई, बाळाची त्वचा एकदा उजेडात नीट पाहून घ्या.

पुणेकर_पालक
नॉर्मल एमआरआयचा दुसरा अर्थ आमच्या वाट्याला आला. मुलाला पाचव्या महिन्यात तापात अर्धा तास एकाच बाजूची आकडी आली होती. एमआरआय स्वच्छ होता, आणि कारण रक्ताच्या जनुकीय तपासणीत सापडले: एससीएन१ए या जनुकात दोष, म्हणजे ड्राव्हे सिंड्रोम हा आकडीचा आजार. कार्बामॅझेपिन या आकडीवरच्याच औषधाने त्याच्या आकड्या वाढल्या होत्या, ते का, हे तेव्हा कळले. तुमच्या डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल जरूर विचारा.

साताऱ्याची_आई
सर्वांचे आभार. सीडी औषधांच्या बिलांखाली सापडली. डाग नाहीत, जनुकीय तपासणीचे सोमवारी विचारणार आहे. चित्रांच्या कोपऱ्यात कापाची (एका चित्रात येणाऱ्या मेंदूच्या थराची) जाडी पाच मिलिमीटर लिहिली आहे. त्याने काही फरक पडतो का?

चुंबकवाला
पडतो. मेंदूच्या घडीच्या अगदी तळाशी असलेला लहानसा डिस्प्लेझिया दोन जाड कापांच्या मध्ये सहज निसटतो. पुढच्या वेळी ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ असे चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे साधारण एक मिलिमीटरचे सलग काप घेतले जातील. शक्यतो तीन टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या, यंत्रावर करा आणि ईईजीचा रिपोर्ट सोबत न्या, कारण कोणत्या बाजूला शोधायचे हे माहीत असले की नजर तिथे थांबते. तेव्हाही काही दिसले नाही आणि झटके औषधांना दाद देत नसले, तर पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखवणारी तपासणी) साखर कमी वापरणारा एखादा भाग सापडू शकतो.