एफडीजी पेटवरून मेंदूचं नेटवर्क काढायचं तरी कसं?

धडपड्या: न्यूक्लिअर मेडिसिन शिकतोय, प्रोजेक्टला मेंदूची कनेक्टिव्हिटी, म्हणजे कुठले भाग एकमेकांशी जोडून काम करतात ते, घेतलीय. एफएमआरआयमध्ये (मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपणारा एमआरआय) दर दोन-तीन सेकंदाला डेटा येतो त्यामुळे कुठले भाग एकत्र वरखाली होतात ते दिसतं, पण आमच्या एफडीजी पेटमध्ये (ग्लुकोजसारखं किरणोत्सर्गी एफडीजी टोचून मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणारा स्कॅन) पेशंटमागे एकच इमेज आणि प्रत्येक भागाला एकच आकडा, मग कोरिलेशन कशाशी काढू? अल्झायमरचे 14 आणि नॉर्मल 12 स्कॅन हाताशी आहेत. प्लीज कोणीतरी सांगा.

मेघनाताई: अरे, कोरिलेशन एका माणसात नाही, माणसामाणसांत काढतात. समज तुझ्या नॉर्मल ग्रुपमध्ये ज्यांचं पोस्टेरियर सिंग्युलेट (मेंदूच्या आतला मागचा भाग) जास्त ग्लुकोज खातं त्यांचं परायटलही (वरचा मागचा भाग) जास्त खातंय, तर ते दोन भाग जोडलेले धरून मध्ये रेषा काढायची. हॉरविट्झ वगैरे संशोधकांनी 1984 मध्येच हे केलंय. पण मग नेटवर्क मिळतं ते अख्ख्या ग्रुपचं मिळून एक, त्यामुळे "या पेशंटचं नेटवर्क तुटलंय" असं त्यावरून अजिबात लिहू नकोस. आणि 12-14 फार कमी आहेत रे, एकेकाला वगळून परत काढून बघ, रेषा कशा बदलतात ते कळेल. वयाचा परिणामही आधी काढून टाक, नाहीतर म्हातारपणात सगळंच एकत्र कमी होतं आणि ते कनेक्शन वाटतं.

रात्रपाळी: मी टेक्नॉलॉजिस्ट आहे. इंजेक्शननंतरचा पहिला अर्धा तास मेंदू जे करतो तेच इमेजमध्ये उमटतं, म्हणून अंधारी खोली, बोलायचं नाही, मोबाईल बाहेर. एकदा एक आजोबा गुपचूप नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलत बसले होते, मी आत गेलो तेव्हा फोन चादरीखाली! असा एक स्कॅन तुझ्या 12 मध्ये असेल तर? डोळे उघडे की मिटलेले, शुगर किती, हे रजिस्टरमध्ये बघच.

स्थिरचित्त: एकाच माणसात बघायचं असेल तर फंक्शनल पेट वाच. त्यात एफडीजी एकदम न देता पंपाने तासभर-दीड तास हळूहळू सोडतात, मग मिनिटामिनिटाला ग्लुकोजचा वापर कसा बदलतो ते मिळतं. आणि पेट म्हणजे जुनाट असं समजू नका, मेंदूशास्त्रज्ञ रायकल यांचा 2001 चा डिफॉल्ट मोडवाला (माणूस नुसता स्वस्थ असताना मेंदूचं जे चालू असतं ते) पेपर पेटच्याच ऑक्सिजन डेटावर उभा आहे.

धडपड्या: ताई, आता "कनेक्टिव्हिटी" काढून "कोव्हेरिअन्स" (माणसामाणसांत दोन भागांचे आकडे एकत्र बदलणं) लिहितो. दादा, रजिस्टर बघितलं, चार नॉर्मलांसमोर डोळ्यांचं काहीच लिहिलेलं नाही. वगळू का?

मेघनाताई: त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय, दोन्ही काढ आणि दोन्ही छाप. ऑक्सिपिटलच्या, म्हणजे बघण्याचं काम करणाऱ्या मागच्या भागाच्या, रेषा पहिल्यांदा बघ.