किलार्नी: तळ्याकाठी दिवसभर चालायचंय, सोबत आई-बाबा आणि लहान मुलगा

सातारी_डब्लिनकर
सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आयर्लंडमधल्या किलार्नी नॅशनल पार्कला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा, साताऱ्याहून आलेले आई-बाबा आणि एक मित्र. बाबा रोज सकाळी अजिंक्यतारा चढतात. नुसतं बागेत फिरवून आणू नका, असं त्यांनी आधीच बजावलंय. आईचा गुडघा दुखतो. सपाटीवर तासभर चालेल, पायऱ्या नकोत. शुक्रवारी रात्री ट्रेनने पोचू, मुक्काम गावातच, गाडी नाही. नेटवर तीन तळी, धबधबा, किल्ला, मठ सगळंच 'चुकवू नये' म्हणून लिहिलंय. मला एकच वाट सांगा, तळ्याच्या काठाने जाणारी.

लीकाठची
मी कॉर्कला राहते, त्यामुळे घरी पाहुणे आले की किलार्नी ठरलेलंच. तुम्ही मधलं तळं धरा, मक्रॉस लेक. पूर्ण फेरी साधारण १० किलोमीटर, वाट चांगली, चढ किरकोळ. बाकीचं सगळं त्या दिवसापुरतं विसरा.

गावापासून मक्रॉस हाउस, म्हणजे तळ्याकाठचा जुना वाडा, ६ किलोमीटर आहे. तिथवर टांग्याने जा. हो, खराखुरा टांगा! इथे त्याला जाँटिंग कार म्हणतात आणि हाकणाऱ्याला जार्वी. भाडं बसायच्या आधी ठरवा. स्वस्त नाही, पण नातू आणि आजी दोघंही खूश.

मक्रॉस हाउसपासून तळं डाव्या हाताला ठेवून पश्चिमेला निघा. सायकलींना हीच एक दिशा ठरवून दिलेली आहे, त्यामुळे त्या मागून येतात. मुलाला कडेने चालवा. मग लागतं रीनाडिनाचं यू नावाच्या सदाहरित वृक्षांचं जंगल. माझ्या मते अख्ख्या पार्कात बघण्यासारखी जागा हीच. खाली चुनखडक, त्यावर माती नावालाच. मुळं दगडावरून ओघळत येऊन भेगांत शिरलेली, आणि दगड, मुळं, पडलेले ओंडके सगळं एकाच जाड शेवाळाखाली, त्यामुळे झाड कुठे संपलं ते हात लावल्याशिवाय कळत नाही. भर दुपारी आत संध्याकाळ असते. पण मुलाला तोंडात काही घालू देऊ नका. या दिवसांत यूला लाल फळं धरतात, दिसायला गोड, पण आतली बी आणि पानं विषारी.

याच काठावर जरा खाली उतरून पाण्याजवळ बघा. तळ्याने चुनखडक खालून खाऊन कपारी केल्यात, पाणी आत शिरलं की डबडब आवाज येतो. समोरच्या काठाचे डोंगर वालुकाश्माचे, तिथे असलं काही नाही.

आईंना इथूनच कुणीतरी सोबत परत न्या. मक्रॉस हाउसला बाग आहे, चहा आहे, स्वच्छतागृह आहे. बाकीच्यांनी पुढे ब्रिकीन पुलावरून (एका अंगाला लेन तळं, दुसऱ्या अंगाला मक्रॉस) दिनिश नावाच्या जागी जावं. तिथे तिन्ही तळ्यांचं पाणी एकत्र येतं. डबा तिथे खा. परतीच्या वाटेवर टॉर्क धबधबा येतो, साधारण २० मीटरचा. त्याच्या बाजूच्या पायऱ्या बाबांसाठी राखून ठेवा.

रानवाट_गॉलवे
वरच्या सगळ्याला अनुमोदन, दोन गोष्टी जोडतो. सप्टेंबरअखेर तांबड्या हरणांचा माजाचा काळ सुरू होतो. आयर्लंडमधला मूळचा तांबड्या हरणांचा कळप फक्त इथेच टिकून राहिला. नर असा काही हंबरतो की पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. फोटोसाठी जवळ जाऊ नका, त्या दिवसांत त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. दुसरं म्हणजे गोचीड. पँट मोज्यात खोचा आणि रात्री मुलाचे गुडघ्यामागचे, काखेतले भाग नीट तपासा. लाइम आजार त्यातूनच होतो.

आणि ते ऱ्होडोडेंड्रॉन! मे-जूनमध्ये जांभळी फुलं बघून लोक वेडे होतात, आत्ता नुसती हिरवी जाळी दिसेल. आपल्याकडची घाणेरी तशीच ही: शोभेला आणली आणि रान गिळत सुटली. तिच्या सावलीत ओकचं रोप उगवतच नाही.

सातारी_डब्लिनकर
दोघांचेही आभार. पार्कला तिकीट आहे का? आणि आईला तो मठ बघायचाच आहे, जमेल?

लीकाठची
पार्कला तिकीट नाही, मक्रॉस हाउस आतून बघायचं तर आहे. ही सगळी इस्टेट एका बापाने मुलीला लग्नात दिलेली. मुलगी वारल्यावर तिचे आई-वडील आणि जावई यांनी मिळून १९३२ साली देशाला देऊन टाकली, आयर्लंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ते हेच. आपल्याकडे अशा जमिनीवर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

मठ जमेल. मक्रॉस ॲबी गावाकडून येताना वाटेतच आहे, १४४८ चा, फ्रान्सिस्कन साधूंचा. जार्वीला तिथे थांबायला सांगा. तळमजला सपाट आहे. मधल्या चौकात एक जुनं यूचं झाड आहे, त्याने सगळं आभाळ झाकलंय. वरच्या मजल्याचे जिने अरुंद आणि झिजलेले आहेत. आईंना खालीच बसवा.

छत्री आणू नका, टोपीवाले रेनकोट आणा. आणि डब्लिनहून येताना बहुतेक गाड्यांना मॅलोला उतरून गाडी बदलावी लागते, तेव्हा तिकीट काढताना तेवढं बघून घ्या. रात्री मुलगा झोपलेला असेल.