धंदेवाईक पण आवडायची अशी ऐंशीच्या दशकातली इंग्रजी गाणी – तुमचे अनुभव सांगा

काल डेंटिस्टकडे बसले होते तर स्टारशिप बँडचं 'वी बिल्ट धिस सिटी' लागलं आणि एकदम १९८५ चं ओहायो आठवलं. नुकतंच लग्न होऊन आलेली, नवरा दिवसभर लॅबमध्ये, घरात मी आणि ओट्यावरचा रेडिओ. त्या गाण्यात मधेच रेडिओवाला बोलतो ना, ट्रॅफिकबिफिक, तिथे आमच्या स्टेशनवर चक्क आमच्या गावाचं नाव यायचं! मी आईला पत्र धाडलं, आमच्या शहरावर गाणं आलंय, एक नंबरला आहे. मग थँक्सगिव्हिंगला टेक्ससला नणंदेकडे गेलो, तिथे तेच गाणं आणि नाव तिच्या शहराचं 😄 स्टेशनं आपापलं नाव घुसडायची म्हणे. आणि गाण्यात रडगाणं काय, तर कंपन्यांनी संगीताची वाट लावली!

गिटारकाका: अहो हे स्टारशिपवाले मूळचे जेफरसन एअरप्लेन बँडचे, सॅन फ्रान्सिस्कोचे हिप्पी, वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवलेली माणसं. आणि मधला तो रेडिओवाल्याचा आवाज एमटीव्ही या गाण्यांच्या चॅनलच्याच एका साहेबाचा, लेस गार्लंड. २००४ मध्ये ब्लेंडर मासिकाने सगळ्यात वाईट गाणं म्हणून पहिला नंबर दिला. मला मात्र आवडतं, कॅसेट झिजवलीये.

खोबरंवडी: वाचतेय, कुकर लावून येते

दादरकर_७१: आत्तेभावाने तिकडून टीव्हीवरचं रेकॉर्ड करून व्हिडिओ कॅसेट आणलेली, त्यात जॅक्सनची पेप्सीची जाहिरात, चाल बिली जीनची नि शब्द पेप्सीचे. तिकडची सिस्टीम वेगळी त्यामुळे आपल्या व्हीसीआरवर चित्र काळंपांढरं आणि सारखं वर सरकायचं, तरी कार्यक्रम सोडून जाहिरातच मागेपुढे करून बघायचो. त्याच शूटिंगला केस पेटले होते बिचाऱ्याचे

खोबरंवडी: सरकणारं चित्र 😂 आमचे बाबा टीव्हीला चापट मारायचे

गिटारकाका: नील यंगने ८८ ला असल्या जाहिरातबाज गायकांची टर उडवणारं गाणं काढलं, 'धिस नोट्स फॉर यू'. एमटीव्हीने आधी दाखवलंच नाही, पुढच्या वर्षी त्यालाच व्हिडिओ ऑफ द इयर!

म्हापसेकर: आमचो गोव्याचा गायक रेमो विसरलात? जुही चावलाबरोबर लेहर पेप्सीची जाहिरात. आई म्हणायची, शेजारचा मुलगा टीव्हीवर आल्यासारखं वाटतं

दादरकर_७१: ओहायोताई, आईने पत्राला उत्तर काय दिलं? आणि दात?

ओहायोताई (धागाकर्ती): गाणं राहू दे, तिथे कणीक मिळते का ते कळव. रूट कॅनल अर्धं झालंय, गुरुवारी परत.