हातातल्या कन्सोलवर जड गेम: पोर्ट कितपत झेपतात? (अनुभव धागा)

धागाकर्ता
निन्टेंडो स्विच (२०१७) आणि स्विच २ (जून २०२५) यांच्यावर आलेल्या जड पोर्टबद्दल (दुसऱ्या मशीनचा गेम इथे चालेल असा बसवलेला) इथे लिहूया. नुसतं "मस्त चालतो" किंवा "लय लॅग" नको. कुठला मोड, गेममधली कुठली जागा, काय बंद केल्यावर फरक पडला, ते येऊ द्या. खरेदीतल्या फसगतीही चालतील.

फ्रेममोज्या
चित्र धूसर दिसलं की लोक पोर्टला नावं ठेवतात. खरं तर धूसरपणा ही सगळ्यात स्वस्त तडजोड. जुन्या स्विचचा जीपीयू (चित्र काढणारा भाग) डॉकमध्ये (टीव्हीला जोडणारी बैठक) ७६८ मेगाहर्ट्झवर चालतो, हातात घेतला की ३०७ किंवा ३८४ वर (काही गेमना ४६० मिळतं). ३०७ म्हणजे डॉकच्या ४० टक्के. आता पिक्सेल मोजा: १०८०पीला २०.७४ लाख, ७२०पीला ९.२२ लाख, म्हणजे ४४ टक्के. हिशोब जवळपास जमतो.

सीपीयूचं (गेमचे बाकीचे हिशोब करणारा भाग) तसं नाही. तो दोन्हीकडे १०२० मेगाहर्ट्झवरच असतो, आणि चारपैकी तीनच कोअर गेमच्या वाट्याला येतात. त्यामुळे रिझोल्यूशन कितीही पाडलं तरी गर्दीच्या बाजारात गेम अडखळायचा तो अडखळतोच.

म्हणून घेण्याआधी एवढं बघा: मूळ गेम पीएस४ वर ६० फ्रेमचा (सेकंदाला ६० चित्रं) होता की ३० चा? डूम (२०१६) तिथे ६० चा होता. पॅनिक बटन या स्टुडिओने स्विचवर तो ३० वर आणला, आणि एका फ्रेममागे १६.७ ऐवजी ३३.३ मिलिसेकंद हाताशी आले. सगळा पोर्ट त्या वाढीव वेळेवर उभा आहे. जो गेम मुळातच ३० चा, त्याला ही पळवाट नाही.

रानवाटा
वरच्या मुद्द्याला विचर ३ हा अपवाद. पीएस४ वर ३० चाच होता, तरी सेबर इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने ऑक्टोबर २०१९ मध्ये तो दोन्ही विस्तारांसकट ३२ जीबीच्या कार्ट्रिजवर बसवला. डॉकमध्ये कमाल ७२०पी, हातात ५४०पी, तेही डायनॅमिक, म्हणजे भार वाढला की आणखी खाली. ६.२ इंची पडद्यावर खपून जातं, ५० इंची टीव्हीवर पाणी मारलेल्या रांगोळीसारखं दिसतं.

तपासायच्या जागा दोन. नोविग्राडचा चौक (माणसांची गर्दी, म्हणजे सीपीयू) आणि क्रुकबॅक बॉगची दलदल (झाडोरा आणि धुकं, म्हणजे जीपीयू). दलदलीत घोडा थांबवून कॅमेरा गर्रकन फिरवा, फ्रेम पडतात तिथेच पडतात.

आवृत्ती ३.६ पासून ग्राफिक्सचे पर्याय उघडले आहेत. हातात खेळताना शार्पनिंग (कडा ठळक करणं) बंद ठेवा, कमी रिझोल्यूशनवर ते पानांच्या कडा किरकिऱ्या करतं. डेप्थ ऑफ फील्ड (मागचं चित्र मुद्दाम धूसर करणं) बंद केलं की संवादाच्या वेळी पार्श्वभूमीचा लगदा होत नाही. झाडोऱ्याचं अंतर वाढवायचा मोह आवरा, दलदलीत त्याची किंमत मोजावी लागते. पीसीवरचा सेव्ह स्टीम किंवा जीओजी या पीसीवरच्या गेम दुकानांमधून स्विचवर आणता येतो, तेव्हा दोन्हीकडे खेळणाऱ्यांनी घरी पीसी आणि प्रवासात स्विच अशी वाटणी करावी.

टेग्राकाका
मेमरी राहिली की. ४ जीबी रॅम, त्यातला काही भाग सिस्टिमचा. मेमरीचा वेगही डॉकमध्ये सेकंदाला २५.६ जीबी आणि हातात २१.३. पोत (टेक्स्चर) उशिरा उमटणं, दार उघडायला वेळ लागणं, ही दुखणी बहुतेक इथलीच. हॉगवर्ट्स लेगसी (नोव्हेंबर २०२३) बघा. इतर कन्सोलवर हॉग्समीड गावात चालत शिरता येतं, जुन्या स्विचवर वेशीपाशी लोडिंग लागतं. सगळं गाव मेमरीत मावत नाही, म्हणून नकाशाचे तुकडे केले. मला ही तडजोड प्रामाणिक वाटते. स्विच २ वर १२ जीबी रॅम आहे (गेमला ९), तिथे ते लोडिंग गेलं.

फ्रेममोज्या
@टेग्राकाका, प्रामाणिक खरी, पण खिशाला पूर्ण किमतीची चाट बसते हेही लिहा! आर्कहॅम नाइटचा जुन्या स्विचवरचा पोर्ट तर तडजोड म्हणण्याच्याही लायकीचा नाही. गाडी वेगात घेतली की शहर वेळेत लोड होत नाही आणि फ्रेम कोसळतात. तोच गेम स्विच २ वर टाकला की बराच सरळ चालतो.

चाळीसवाला
स्विच २ वर सायबरपंक २०७७ घेतलात तर परफॉर्मन्स मोड ४० फ्रेमचा आहे. "फक्त दहाच जास्त" असं समजू नका. ३० ला फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची, ६० ला १६.७ ची, आणि ४० ला २५ ची, म्हणजे बरोबर मधोमध. हातातला पडदा १२० हर्ट्झचा, त्यात ४० तीन वेळा बसतात, ताल चुकत नाही.

टीव्हीवर गोम आहे. ६० हर्ट्झच्या टीव्हीत ४० चा भाग जात नाही, एक फ्रेम एकदा आणि पुढची दोनदा दिसते, कॅमेरा फिरवताना हिसके जाणवतात. टीव्ही १२० हर्ट्झ घेत नसेल तर मुकाट क्वालिटी मोडचे ३० घ्या. व्हीआरआरही (पडद्याचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणं) फक्त हातातल्या पडद्यावर आहे, डॉकमधून मिळत नाही.

कार्ट्रिजप्रेमी
खरेदीच्या गोष्टी.

स्विच २ च्या डब्यावर "गेम-की कार्ड" असं लिहिलेलं असेल तर आत गेम नाही, नुसती किल्ली आहे. पूर्ण गेम डाउनलोड करायचा आणि वर खेळताना कार्डही खुपसून ठेवायचं. सायबरपंक खऱ्या ६४ जीबी कार्डावर आहे, स्टार वॉर्स आउटलॉज किल्लीवाला. अंगातल्या २५६ जीबीत असे तीन-चार जड गेम आले की जागा संपते. जुनं मायक्रोएसडी स्विच २ मध्ये गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं. जुन्यातून फक्त स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेता येतात.

आपल्याकडे बहुतेक माल ग्रे मार्केटचा. कार्ट्रिज कुठल्याही देशाचं चालतं, पण डीएलसी (गेमचे वेगळे विकले जाणारे विस्तार) कार्ट्रिजच्याच प्रदेशाच्या ईशॉपमधून (निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान) घ्यावं लागतं. युरोपचं कार्ट्रिज आणि अमेरिकेचं खातं असेल तर विस्तारावरचे पैसे पाण्यात. डब्याच्या पाठीवर वयोगटाचा शिक्का ईएसआरबीचा (अमेरिका) की पेगीचा (युरोप), ते आधी बघा.

डॉकवाला
"क्लाउड व्हर्जन" हे दोन शब्दही बघा. स्विचवरचा "कंट्रोल" हा गेम त्यातला: गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्याकडे फक्त व्हिडिओ येतो. पोर्ट म्हणून मोजूच नका.

चार्जर: जुन्या स्विचचा अडॅप्टर १५ व्होल्ट २.६ अँपिअर, स्विच २ चा २० व्होल्ट ३ अँपिअर. जुन्यावर स्विच २ चार्ज होईल, पण टीव्ही मोड चालणार नाही.

विदर्भी ऊन
कुणी तापमान लिहिलंच नाही. निन्टेंडोची मर्यादा ५ ते ३५ अंश. नागपूर-अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळीही खोली त्यावर असते. जड पोर्ट, चार्जिंग आणि टीव्ही मोड एकत्र आले की पंखा घोंघावतो आणि मशीन गरम झाल्याची सूचना देऊन झोपी जातं. डॉक शोकेसच्या बंद कप्प्यात नको. गरम हवा वरच्या फटीतून बाहेर पडते, तिथे मोकळी जागा ठेवा. कूलरच्या थेट झोतासमोरही नको, ओलावा आत जातो. हातात खेळायचं तर आधी चार्ज करून घ्या आणि वायर काढून खेळा, चार्जिंगची उष्णता तिथेच वाचते.

रानवाटा
ऑगस्ट २०१९ नंतरच्या जुन्या स्विचची चिप कमी वीज खाते. कंपनीचा आकडा २.५ ते ६.५ तासांवरून ४.५ ते ९ वर गेला तो त्यामुळेच. सेकंडहँड घेताना अनुक्रमांक एक्सकेने सुरू होतो का बघा, एक्सएने सुरू होत असेल तर तो पहिला नमुना.

कार्ट्रिजप्रेमी
आणि अनुक्रमांक मशीनच्या खालच्या कडेवरचा बघा. डबा बदललेला असू शकतो.